तीन जबड्यांचे काकाजी

भिवापुरात कोणाला चपलेपासून जावयापर्यंत काहीही निवडायचं असेल, तर त्यानं काकाजींच्या घरावरून जाऊ नये. बसस्टँडमागून फेरा पडला तरी चालेल. काकाजी सकाळ-संध्याकाळ छपरीत बसलेले असतात आणि समोरून जाणारा माणूस काय घ्यायला निघाला आहे, हे त्यांना त्याच्या चालण्यावरून कळतं. "पंखा घेऊन राहिला का? बस. किती स्वीपचा?" एवढ्यावर तो माणूस गेला. तासाभरानं उठतो तेव्हा त्याला बाराशे मिलिमीटरची पाती, तांब्याची कॉइल आणि बेअरिंगचा आवाज यांची समग्र माहिती झालेली असते. पंखा मात्र राहून जातो. उरलेला उन्हाळा तो पुठ्ठ्यानं वारा घेत काढतो आणि पुढच्या माणसाला सांगतो, "घाईनं घेऊ नको बरं."

काकाजी मूर्ख नाहीत. त्यांनी सांगितलेली गोष्ट सहसा चुकत नाही, हीच तर अडचण आहे. असा माणूस गावोगाव असतो. कुठे कॅमेऱ्याचा असतो, कुठे सायकलीचा, कुठे होमिओपॅथीच्या गोळ्यांचा. वस्तू घरात येणं हा त्याच्या लेखी अपघात. निवडणं हे खरं काम. भिवापूर हे मिरचीचं गाव. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि हंगामात सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडत बसतात. काकाजींचं निवडणं त्याच जातीचं आहे. फरक एवढाच, की सातऱ्यावर किलोमागे मजुरी मिळते आणि संध्याकाळी पोतं शिवलं जातं. काकाजींचं पोतं कधी शिवलं गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

यात दोष पूर्णपणे त्यांचा नाही. काकाजी जन्मभर एका सरकारी खात्याच्या स्टोअरमध्ये होते. तिथे झाडू घ्यायचा तरी तीन कोटेशन, मग तुलनात्मक तक्ता, मग टिपणी, मग 'मान्यतेस्तव सादर'. तीनपेक्षा कमी कोटेशनवर आलेली वस्तू त्यांना अजूनही चोरीची वाटते. निवृत्तीनंतर ते काही दिवस बाजाराला गेले. वांग्यांचे तीन भाव काढून, कीड, देठ आणि बुडाचा घेर यांची मनातल्या मनात तुलना करून ते पहिल्या बाईकडे परत येईपर्यंत तिची टोपली रिकामी होऊन ती घरी गेलेली असे. तेव्हापासून भाजी काकू आणतात.

अशा माणसाच्या घरी लाकडाचा लेथ आला कसा, हे भिवापुरातलं एक कोडं होतं. खरी हकीकत काकूंनी सांगितली. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा मुलानं सांगितलं, मुदत ठेव करा. काकू म्हणाल्या, न्हाणीघर नीट करा. काकाजी नागपूरला एका यंत्रांच्या प्रदर्शनात गेले. शेवटचा दिवस, संध्याकाळची वेळ, विक्रेता सामान आवरत होता. "परत न्यायला भाडं पडते काकाजी, निम्म्यात घेऊन जा," म्हणाला आणि खोकं टेम्पोत चढवूनही मोकळा झाला. काकाजींना विचार करायला वेळच मिळाला नाही. यंत्र उत्तम निघालं. पण त्या व्यवहाराचा काकाजींना आजही पश्चात्ताप आहे, कारण तक्ता झाला नव्हता.

तो लेथ छपरीत एका जुन्या शिसवी टेबलावर बसवला. वर काकूंचं जुनं लुगडं झाकलं. काय करायचं यावर, हे मात्र ठरलेलं होतं. नातवासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पोळ्याला खऱ्या बैलांची मिरवणूक निघते. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पहिल्या तिथीला, पोट्ट्यांचा पोळा असतो. चाकाच्या पाटीवर उभे केलेले लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. नागपूरकर भोसल्यांच्या, दुसऱ्या रघुजींच्या काळापासून हा सण चालत आल्याचं सांगतात. बैल वीतभर असो की माणसाएवढा, त्याला चार चाकं लागतात. आणि चाकाला बरोबर मध्यावर भोक लागतं.

इथे काकाजींच्या आयुष्याला दिशा मिळाली.

लाकडाच्या लेथवर भोक पाडायची तऱ्हा उलटी आहे. हातातल्या ड्रिलमध्ये लाकूड गप्प असतं आणि बिट फिरतं. लेथवर चाकाचा गोल तुकडा डावीकडच्या हेडस्टॉकवर गरगर फिरतो आणि बिट उजवीकडच्या टेलस्टॉकमध्ये मुकाट उभं राहून पुढे सरकतं. त्यामुळे भोक चाकाच्या केंद्रात आपोआप सापडतं. फक्त ते बिट टेलस्टॉकमध्ये धरून ठेवायला एक चक लागतो: तीन जबडे, भोवती दात्यांची चूड, आवळायला चाबी. लेथच्या खोक्यात सगळं होतं. चक नव्हता.

"म्हणजे घ्यावा लागते," काकाजी म्हणाले. काकू सांगतात, लग्नातही त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवी नस्ती उघडली. कव्हरवर लाल शाईनं 'ड्रिल चक, नग १'. पहिल्या पानावर पहिला प्रश्न: टेलस्टॉकचं टेपर कोणतं? टेलस्टॉकच्या भोकाला आतल्या बाजूला किंचित निमुळतं होत जाणारं अंग असतं. वीस मिलिमीटर लांबीला सुमारे एक मिलिमीटर. तेवढ्याच उताराचा दांडा, म्हणजे आर्बर, त्यात ठोकला की नट नाही, स्क्रू नाही, नुसत्या घर्षणावर तो घट्ट बसतो. याला मोर्स टेपर म्हणतात आणि त्याचे आकडे ठरलेले आहेत. तोंडाशी बारा मिलिमीटर असेल तर एक नंबर, १७.७८ असेल तर दोन नंबर. काकाजींनी व्हर्नियर लावला. दोन नंबर. प्रश्न संपला असं आपल्याला वाटेल. काकाजींनी तो सकाळी मोजला, दुपारी मोजला, आणि मे महिन्यात पुन्हा मोजला, कारण उन्हानं लोखंड वाढतं. वीस अंश पारा चढला तर ते भोक सुमारे चार सहस्रांश मिलिमीटरनं मोठं होतं, असा हिशेब त्यांनी पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला. त्यांच्या व्हर्नियरला दोन शतांशाच्या खालचं दिसतच नाही, हे मी म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "म्हणूनच तर हिशेब करावा लागते," ते म्हणाले.

संध्याकाळी छपरीत बैठक भरत असे. मिरचीचे एक व्यापारी, निवृत्त पोस्टमास्तर, कऱ्हांडल्याच्या सफारीत जिप्सी चालवणारा एक पोरगा आणि चहा चांगला म्हणून मी. काकाजींनी मोर्सची ओळख करून दिली तेव्हा पोस्टमास्तर सावरून बसले.

"मोर्स म्हणजे आमचा? तारवाला?"

"नाई. तो सॅम्युएल. हा स्टीफन."

"भाऊ होय का त्याचा?"

"काही संबंध नाई. याच्या नावावर १८६३ मध्ये पिळाच्या ड्रिलचं पेटंट आहे, अमेरिकेत. तुमी आज जे कोणतं ड्रिल पाहता न, ते पिळाचं, ते यायचं."

पोस्टमास्तर जरा खट्टू झाले. "आमचा मोर्स २०१३ मध्ये बंद पडला," ते म्हणाले. "तार गेली. तुमचा अजून नोकरीवर आहे, चांगलं आहे."

मग आर्थर जेकब्स आले. हे हार्टफर्डचे, जुन्या पान्याच्या चकाशी झटापट करताना बोटांची सालं निघाली, त्या रागातून त्यांनी १९०२ मध्ये दात्यांच्या चाबीचा चक काढला, असं सांगतात. काकाजी ही गोष्ट अशी सांगत, की जेकब्स उमरेडचे असावेत आणि कोळशाच्या खाणीतून डब्यासकट घरी जाताना रोज इथे टेकत असावेत. "साल निघाली म्हणून त्यानं चक केला. आपल्याइथे साल निघाली तर हळद लावते." मिरचीवाले म्हणाले, "हळदच बरी. मिरची नाई लावली म्हणजे झालं."

असं करत करत नस्ती जाड होत गेली. मी त्यातली चाबीची टिपणी वाचली आहे आणि खरं सांगतो, ती छापण्याजोगी आहे. चाबीचा चक घ्यावा की हातानंच आवळायचा? बिनचाबीचा चक सोयीचा, चाबी हरवायचा प्रश्न नाही, पण तो लांबीला जास्त. छोट्या लेथवर आधीच वीतभर जागा, त्यातली दोन बोटं चकच खातो. शिवाय लेथ उलटा फिरवला तर तो सैल पडू शकतो. चाबीच्या चकाची पकड खात्रीची, पण चाबी त्यातच विसरून यंत्र चालू केलं तर ती गोफणीच्या दगडाएवढ्या जोरानं सुटते आणि सुटताना कोण समोर आहे ते पाहत नाही. टेलस्टॉकमध्ये चक फिरत नाही म्हणून तिथे धोका कमी. पण हाच चक कधी हेडस्टॉकमध्ये लावला तर? या 'तर'वर काकाजींनी चार पानं खर्ची घातली होती. हेडस्टॉकमध्ये नुसत्या टेपरवर चक राहत नाही, थरथरीनं निसटतो. मागून पोकळ स्पिंडलमधून लांब आटेदार सळई घालून तो खेचून धरावा लागतो. ती सळई एम-१० आट्यांची की तीन-अष्टमांश इंचाची, हे आर्बरच्या बुडाला कोणते आटे आहेत त्यावर. आर्बरच्या बुडाला आटे असले तर मागची चपटी जीभ नसते. जीभ असली तर आटे नसतात. जीभ लांब असली तर टेलस्टॉक पूर्ण मागे जायच्या आधीच चक बाहेर ढकलला जातो. आर्बर आखूड असला तर मागे नेऊनही चक सुटत नाही.

"मंग जिभेचा घ्यायचा का बिनजिभेचा?" जिप्सीवाल्या पोरानं विचारलं.

"हे ठरलं असतं तर नस्ती बंद झाली नसती का बाबू?"

पोरगा माझ्या कानाशी लागला. "आमचा जय वाघ २०१६ पासून सापडला नाई. देशभरातून लोक पाहाले आले. यायचा चक काय सापडते?"

मापाचा प्रश्न तर मी सांगतच नाही. दहा मिलिमीटरपर्यंतचा, तेराचा की सोळाचा. मोठा घेतला तर मोठी बिटं बसतात, पण बरेचसे मोठे चक तीन मिलिमीटरच्या खालचं बारीक बिट पकडतच नाहीत. तेराचा म्हणजे अर्धा इंच, बहुतेक कामाला पुरेसा. साधा माणूस इथे तेरा म्हणून मोकळा होतो. काकाजींनी बैलाच्या चाकाला दहाचं भोक लागतं हे मान्य करूनही 'भविष्यकालीन गरज' असा वेगळा रकाना पाडला. त्यात लिहिलं होतं: पणत्या, मेणबत्तीदाण्या, फुलदाणी, पाळण्याचे खांब. या सगळ्या वस्तू करायच्या की नाही, याचा तक्ता अजून व्हायचा होता. काकू मधूनमधून दारात येऊन सांगत, "बेलन करून द्या म्हणतो मी. बेलनाले भोक नाई लागत." ही सूचना विषयाबाहेरची म्हणून नस्तीत घेतली गेली नाही.

नागपूरला जायचं मात्र लांबत होतं. इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी २०१९च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून काकाजी म्हणत, "ब्रॉडगेज होऊ दे, मंग निवांत जाऊ." एसटी रोज जाते, हे त्यांना ठाऊक होतं. पण एसटीनं गेलेला माणूस संध्याकाळी वस्तू घेऊनच परत येतो, ही भीती होती.

शेवटी एकदा मीच त्यांना घेऊन गेलो. इतवारीतली लोहाओळी म्हणजे काकाजींचं पंढरपूर. पायजम्याच्या खिशात व्हर्नियर, पिशवीत नस्ती, आणि फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा निमुळता दट्ट्या. टेलस्टॉकच्या भोकात बसवून, तासून, त्याच्या मापाचा केलेला. पहिल्या दुकानात शेठनं तीन चक काउंटरवर ठेवले. काकाजींनी एकेक उजेडाकडे धरून जबडे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. तिन्ही जबडे एका रेषेत मिळतात का पाहिलं. कानाशी नेऊन चूड फिरवली. आर्बर मागितला. शेठनं दिलेल्या आर्बरच्या चकात बसणाऱ्या टोकावर बी-१६ ची खूण होती. चकाच्या पाठीवर बी-१८ कोरलेलं होतं.

"हे जमत नाई," काकाजी म्हणाले. आवाजात विजय होता.

"अरे काकाजी, थोडा कागज लपेट के ठोक दो, बैठ जाएगा."

काकाजींनी व्हर्नियर बाहेर काढला. पुढचा पाऊण तास मी शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. आतून टेपरमध्ये कागद घातला तर केंद्र कसं सरकतं, तेल पुसून कोरडं करून, जबडे पूर्ण आत ओढून घेऊन, लाकडी मोगरीनं हलक्या हातानं कसं ठोकायचं, आणि जबडे बाहेर असताना ठोकलं तर चकाचं काय होतं, हे सगळं ऐकू येत होतं. शेठ ऐकतही होता. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली. त्यांतल्या एकानं काकाजींच्या सांगण्यावरून चक आणि आर्बर घेतला, जुळता, योग्य, एकदम. शेठनं काकाजींना चहा पाजला आणि विचारलं, "आपको लेना है, या देखना है?"

"पाहून सांगतो," काकाजी म्हणाले. कोटेशन क्रमांक एक झालं. दोन आणि तीन तिथेच पुढच्या दुकानांत झाली. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसून समाधानानं झोपले. त्या दिवशी लोहाओळीत काकाजींच्या सल्ल्यानं तीन लोकांनी चक घेतले. काकाजींचा धरून चार झाले असते.

इकडे गावात वाढई होता. त्याच्या लेथला लेथ म्हणणं हा काकाजींच्या मते गुन्हा आहे. लोखंडी अँगलचा सांगाडा, विहिरीवरच्या मोडक्या पंपाची मोटर, आणि टेलस्टॉकच्या जागी टोकदार घासलेला बोल्ट. टेपर नाही, जीभ नाही, काही नाही. श्रावण लागला की त्याच्याकडे शिवणीच्या आणि सागवानाच्या तुकड्यांचा ढीग पडतो आणि बैलांची रांग लागते. भोक पाडायला त्यानं एक ड्रिल लाकडी मुठीत ठोकून ठेवलेलं आहे. फिरत्या चाकाच्या मध्यावर पटाशीच्या टोकानं खूण करतो, मूठ दोन्ही हातांनी धरतो आणि घुसवतो. नाहीच जमलं तर गिरमिट. त्याच्याकडे एक हँडड्रिलही आहे, पण त्या चकाची चाबी कधीच हरवलेली. तो खिळा आणि हातोडी घेऊन चक आवळतो, त्यामुळे त्याचे दाते झिजून गोल झाले आहेत. हे पाहून काकाजींना रात्री झोप येत नाही.

"तुझ्या भोकाचं केंद्र किती सरकते, कवा मोजलं का?" काकाजींनी त्याला एकदा विचारलं.

"माह्यं भोक पोट्ट्यायले चालते काकाजी," वाढई म्हणाला. "मोर्सचं मले माहीत नाई."

अशी दोन वर्षं गेली असती, चार गेली असती. घात जावयानं केला.

जावई पुण्याकडचे, चाकणला एका कारखान्यात. मुलगी-जावई नातवाला घेऊन पोळ्यासाठी आले आणि जावईबापूंनी बॅगेतून एक डबी काढून सासऱ्यांच्या हातात ठेवली. तेरा मिलिमीटरचा चाबीचा चक, पाठीवर बी-१६, सोबत दोन नंबर मोर्सचा बी-१६चाच आर्बर, बुडाला एम-१० चे आटे. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही किती दिवसांपासून शोधून राहिले. यायनं तासाभरात आणला."

काकाजींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं आहे. माणूस निवृत्तीच्या समारंभात शाल घेताना असाच दिसतो. वस्तू परत पाठवता येत नव्हती, कारण जावयानं आणलेली. तिच्यात खोट काढता येत नव्हती, कारण जावयानं आणलेली. आणि मुख्य म्हणजे खोट नव्हतीच. नस्तीतला प्रत्येक मुद्दा त्या डबीत मिटलेला होता. काकाजी "वा, वा" म्हणाले आणि दोन दिवस छपरीत बसलेच नाहीत. बैठकीतल्या लोकांना वाटलं, आजारी आहेत. पोस्टमास्तर संत्री घेऊन भेटून आले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नातवानं लुगडं ओढलं. मग इलाजच नव्हता. काकूंनी पाटावर दोन तांदूळ ठेवून लेथला हळदकुंकू लावलं. जावयानं शिवणीचा गोल हेडस्टॉकवर बसवला, टेलस्टॉक पुढे घेतला, वेग कमी ठेवला, मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आत. काकाजींनी चाबी काढून खिशात टाकली, काढल्याचं तीनदा मोठ्यानं सांगितलं आणि टेलस्टॉकचं चाक हातात घेतलं. बिट टेकलं. पिवळसर भुस्सा सापासारखा वेटाळून बाहेर यायला लागला. सगळी छपरी गप्प. अर्ध्यावर बिट मागे घेऊन भुस्सा झटकायचा असतो, तो त्यांनी झटकला, दुसऱ्यांदा आत घेतलं, आरपार झालं. नातू ओरडला. काकाजींनी चाक उलटं फिरवून बिट मागे ओढायला सुरुवात केली, आणि बिट लाकडातच अडकलं. टेलस्टॉक मागे सरकला, चक मात्र आर्बरसकट त्यातून निसटून लाकडाबरोबर गरगर फिरायला लागला.

जावयानं झटकन स्विच पाडला. काकू किंचाळल्या. काकाजी दोन पावलं मागे सरकले होते, कोणाला काही झालं नाही, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"आला! आला बाहेर! पान बावीस!" ते ओरडले. "म्हणलं होतं का नाई? बिट मागे घेताना चकावर हात ठेवून तो आत दाबून धरावा लागते, नाईतर टेपर सुटते! काढा नस्ती, पान बावीस!"

नस्ती आली. पान बावीसवर तंतोतंत तसंच लिहिलेलं होतं, आकृतीसह. जावईबापूंनी चक हातात घेऊन पाहिला आणि नम्रपणे विचारलं, "बाबा, आर्बरला कारखान्यातून येताना ग्रीस असतं. ते पुसलं होतं का?"

नस्तीत ग्रीसचा उल्लेख बी-१६च्या टोकापुरता होता. मोर्सच्या टोकाचा नव्हता. पण त्या क्षणी काकाजींना कोणी हरवू शकत नव्हतं. ग्रीस पुसलं, पुढची तीन भोकं चकावर डावा हात दाबून पाडली, चक हलला नाही. चारांपैकी पहिलं चाक मात्र त्या झटापटीत किंचित आडवं झालं. ते फेकून द्यावं असं जावई म्हणाले. काकाजींनी नकार दिला. "नग चार मंजूर होते, चारच झाले."

आडवं चाक पुढच्या डाव्या बाजूला लागलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतून पन्नास बैल निघाले असतील. सगळे सरळ नाकासमोर. काकाजींच्या नातवाचा नंदी दर फेऱ्याला एकदा मान खाली घालायचा, मग वर. दारादारातल्या म्हाताऱ्यांना वाटलं, नमस्कार करतो आहे. कोणी ओवाळलं, कोणी त्याच्या पाया पडलं, आणि बोजारा इतरांहून दुप्पट जमला. वाढईच्या दुकानावर संध्याकाळी तीन बाप येऊन विचारून गेले, मान हलवणारा बैल केवढ्याला. वाढई वैतागून काकाजींकडे आला. चाक तसं आडवं मुद्दाम कसं करायचं, हे विचारायला. काकाजींनी त्याला बसवून घेतलं आणि तो दिवेलागणीपर्यंत सुटला नाही.

उठताना त्यानं डोकं खाजवत विचारलं, "काकाजी, तुमच्या चकाची चाबी दोन दिवस देता का? माह्या हँडड्रिलले बसते वाटते. गणपतीची मखरं लागून आहेत."

माझी खात्री होती, नाही म्हणतील. काकाजी आत गेले. स्टोअरमधलं जुनं उंच रजिस्टर घेऊन आले. निवृत्त होताना एकच कोरं उरलं होतं म्हणे. पट्टीनं रकाने आखले: अनुक्रमांक, वस्तूचा तपशील, नग, दिल्याचा दिनांक, घेणाऱ्याची सही, परतीचा दिनांक, शेरा. वाढईनं सही केली आणि चाबी घेऊन गेला.

गणपती झाले, दसरा झाला, वाढईकडे पलंगाचं काम आलं. चाबी तिकडेच आहे. तिच्याविना चक उघडत नाही, आणि चकाविना लेथ, काकाजींच्या मते, चालवण्यात अर्थ नाही. रोज संध्याकाळी ते चाबी मागायला म्हणून वाढईच्या दुकानात जातात, खुर्ची ओढून बसतात, आणि पलंगाच्या पायांना सागवान बरं की बीजा, यावर बोलून आठ वाजता परत येतात. छपरीतली बैठक आता तिकडेच भरते. चहा वाढई पाजतो. परवा मी रजिस्टर चाळलं. परतीच्या दिनांकाचा रकाना कोरा आहे. शेऱ्याच्या रकान्यात काकाजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे: 'वस्तू वापरात आहे.' खाली सही, आणि सहीखाली हुद्दा.